आधी आत्याकडे जा, मग माळ्यावर चढा

पत्र

प्रिय ताई,

माझं वय 44, राहणार सांगली. एका पतसंस्थेत नोकरी करतो. लहानपणापासून मला खेळ बनवायचं वेड आहे. शाळेत वहीच्या मागच्या पानांवर पट आखायचो, आता रात्री जेवणं झाली की पुठ्ठा, कटर आणि रंगीत पेनं घेऊन बसतो. आजवर तीसेक खेळ बनवले असतील. गेली दोन वर्षं एका मराठी शब्दखेळावर काम चालू आहे. शिवाय जाईन तिथून खेळ आणतो. जुने, नवे, अर्ध्या सोंगट्या हरवलेलेसुद्धा. माळा भरला आहे.

अडचण अशी की घरात माझ्याशी खेळायला कुणीच तयार नसतं. तेरा वर्षांची मुलगी म्हणते, "बाबा, तुमचे खेळ फक्त तुम्हालाच कळतात, आणि हरायला लागलात की नियम बदलता." यातलं दुसरं खरं नाही. खेळताना काहीतरी चांगलं सुचतं म्हणून मी बदल करतो. बायको म्हणते, माळा रिकामा करा. मेहुणे म्हणतात, लगेच पेटंट घ्या, नाहीतर कुणीतरी चोरेल. शब्दखेळाच्या चकत्या पाचशेच्या वर गेल्या आहेत आणि डाव काही संपत नाही. गावाकडे माझी आत्या असते, 82 वर्षांची. तिच्याकडे गेलो की आम्ही चिंचोक्यांवर तासन्‌तास चल्लस खेळतो. तेवढं सोडलं तर सगळ्यांना हा पोरखेळ वाटतो. हे सगळं सोडून द्यावं का?

– पटवेडा, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सोडू नका. तुम्ही विचारलेल्या बाकीच्या गोष्टींवरही लिहिते, पण तुमच्या पत्रात आत्या एका वाक्यात येऊन जाते आणि माझं मन तिथेच अडकलं आहे. त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करते.

माझी आजी वाईला राहायची. दुपारची कामं आटोपली की ओसरीवरच्या फरशीवर कोळशाने पाच बाय पाच घरांचा पट आखायची, मधल्या घरावर आणि चार बाजूंच्या मधल्या घरांवर फुल्या मारायची. चिंचोके मधोमध फोडून त्यांची एक बाजू पांढरी करून ठेवलेली असायची. चार पांढरे पडले की ती मोठ्याने "चल्लस!" म्हणायची आणि सगळ्यांत धाकटी म्हणून माझ्या पाठीवर थाप मारायची. मी तिच्याशी शेकडो डाव खेळले असेन. ती गेली, वर्षं गेली, आणि एकदा भाचीने विचारलं, "पणजीचा तो खेळ शिकव ना." आम्ही तिघी चुलतबहिणी पट आखून बसलो. पट तिघींचा सारखा आला. पण आठ पडल्यावर पुन्हा टाकायचं की नाही? दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येतं का? दोन सोंगट्या एका घरात आल्या तर त्या जोडीने चालतात का? तिघींना तीन वेगळी उत्तरं आठवत होती. प्रत्येकीला स्वतःच्या आठवणीची खात्री होती आणि विचारायला आजी नव्हती. आम्ही एक डाव खेळलो खरा. तो आजीचा नव्हता.

म्हणून सांगते, येत्या रविवारी गावाकडे जा. आत्याबरोबर नेहमीसारखं खेळा, पण या वेळी मोबाइल एका डब्याला टेकवून पटाच्या वर लावा आणि खेळता खेळता तिला बोलतं करा. चिंचोके की कवड्या, आणि किती? कुठल्या दानाला काय म्हणतात? तिच्या माहेरी असाच खेळायचे की सासरी आल्यावर नियम बदलले? फुलीच्या घरातली सोंगटी मारता येते का? "असं का?" एवढं विचारू नका. म्हातारी माणसं त्या प्रश्नाने गोंधळतात, "असंच असतं" म्हणतात. त्याऐवजी मुद्दाम चुकीची खेळी करा. ती लगेच हात धरेल आणि "अगं बाई, असं नाही चालत!" म्हणत नियम सांगेल. घरी आल्यावर ते सगळं एका पानावर लिहा, खाली आत्याचं नाव, गाव, तिचं जन्मसाल आणि त्या दिवसाची तारीख घाला. तुमच्या संग्रहातली सगळ्यांत मोलाची वस्तू ते पान असेल. बाकीच्या पेट्या विकत मिळतात.

नाशिकच्या पांडवलेण्यांत कधी गेला असाल तर भिंतींवरच्या शिल्पांबरोबर खाली दगडावरही नजर टाकली असेल. तिथे खेळांचे पट कोरलेले आहेत. आपल्याकडच्या आणखीही जुन्या लेण्यांत, देवळांच्या ओट्यांवर असे पट सापडतात: कुठे खळ्यांच्या दोन ओळी, कुठे एकात एक तीन चौकोन. तीन चौकोनांची नवकंकरी अजून काही घरांत खेळतात म्हणून ती ओळखता येते. पण इतर काही पटांपुढे उभं राहिलं की नुसता अंदाज करावा लागतो. दगड टिकला, कारण तो दगड होता. नियम तोंडात होते, ते माणसांबरोबर गेले.

ज्यांनी लिहून ठेवलं त्यांचे उपकार किती मोठे आहेत, हे अशा वेळी कळतं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राज्यकारभार, स्वयंपाक, संगीत यांच्या जोडीने फाशांचे आणि बुद्धिबळासारखे खेळही आहेत. एका राजाला ते लिहिण्याजोगं वाटलं. एकोणिसाव्या शतकात आपल्या औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी संस्कृतात 'क्रीडाकौशल्य' लिहून पटावरचे खेळ नोंदवले. तुम्हाला कुणी पोरखेळ म्हणालं तर या दोघांची आठवण ठेवा.

आणि सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, तर तुम्हाला जवळच आहे. संग्रह करता म्हणजे तिथे गेला असालच, नसाल तर जा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण 120. गोल, लाखेचा हात दिलेली, हाताने रंगवलेली. राजघराण्याने पुढाकार घेऊन ही कला पुन्हा उभी केली, म्हणून आज ती पानं विकत मिळतात. पण विकत घेणाऱ्यांतले किती जण खेळतात? एक नियम सांगते. डाव दिवसा मांडला तर उतारी रामाच्या रंगाची, रात्री मांडला तर कृष्णाची. किती सुंदर नियम आहे हा! खेळणाऱ्याने आधी दाराबाहेर बघायचं, उजेड आहे का, आणि मग पान टाकायचं. हा नियम एकाही पानावर रंगवलेला नाही. कुणीतरी सांगितला, कुणीतरी लिहिला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

आता तुमच्या मुलीकडे वळते. तिची बाजू घेते आहे, रागावू नका. तुम्ही हरायला लागलात म्हणून नियम बदलत नसाल, यावर माझा विश्वास आहे. पण समोर बसलेल्याला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की मघाशी चालत होतं ते आता चालत नाही. खेळात मुलांना न्याय फार महत्त्वाचा वाटतो. घरात, शाळेत सगळे नियम मोठ्यांचे असतात. पटावर तरी बाबा आणि मी एकाच नियमाने बांधलेले आहोत, हे सुख असतं. तेच तुम्ही नकळत काढून घेता. सुचलेली गोष्ट वहीत टिपा आणि डाव जुन्या नियमाने पुरा करा. खेळ फसला असेल तर फसलेलाच पुरा करा. नवा नियम पुढच्या डावाला. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर खेळ कशामुळे सुधारला की बिघडला ते तुम्हालाच कळणार नाही.

तिचं पहिलं वाक्यही तितकंच खरं आहे. तुमचे खेळ फक्त तुम्हालाच कळतात, कारण ते तुमच्या डोक्यात आहेत. तीसपैकी किती खेळांचे नियम लिहिलेले आहेत? पत्रात कुठेच उल्लेख नाही, म्हणून माझा अंदाज आहे की फारसे नसावेत. हे आत्याच्या चल्लससारखंच झालं. फरक इतकाच की तिच्या खेळाला निदान एक भाचा तरी आहे.

तर पुढचे तीन महिने नवा खेळ बनवू नका. जुन्यांतला तुमचा सगळ्यांत लाडका खेळ निवडा आणि त्याचे नियम एका पानात लिहा. पट कसा मांडायचा, सुरुवात कोण करणार, आपली पाळी आली की काय काय करता येतं, डाव केव्हा संपतो, जिंकलं कोण. वर नाव, तारीख आणि 'आवृत्ती 1'. मग ते पान आणि पेटी शेजारच्यांना द्या, चहा ठेवा आणि खोलीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसा. तोंड उघडायचं नाही. ते चुकीचं खेळले तरी नाही. विशेषतः तेव्हा नाही! तुमच्यासारख्या माणसाला हे अवघड जाईल, जीभ चावून बसावं लागेल. पण ते ज्या क्षणी पानातून मान वर करून तुमच्याकडे बघतील, त्या क्षणी वहीत खूण करा. तिथे नियमाला भोक आहे. कुणी मोबाइल हातात घेतला, तिथेही खूण करा. त्याची पाळी यायला फार वेळ लागतोय, किंवा तो मघाशीच बाद होऊन नुसता बसला आहे. शेवटी "आवडला का?" विचारू नका, शेजारी चांगली माणसं असतात, हो म्हणतील. ते आपणहून "अजून एक डाव लावू" म्हणतात का, तेवढं ऐका.

आता शब्दखेळ. हा भाग मला स्वतःला इतका आवडला की रात्री मीही कागद घेऊन बसले.

तुमच्या चकत्या पाचशेवर कशा गेल्या ते मी ओळखू शकते. छत्तीस व्यंजनं, बाराखडीची बारा रूपं, म्हणजे इथेच 432 झाल्या. मग स्वर, मग जोडाक्षरं. इंग्रजी स्क्रॅबलचा साचा मराठीवर ठेवला की असंच होतं, कारण त्यांचं अक्षर सुटं उभं असतं आणि आपलं अक्षर काना-मात्रा-वेलांटी लेवून येतं. पण त्या खेळाच्या जन्माची हकिकत तुम्हाला उपयोगी पडेल. आल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकन वास्तुविशारद. 1930च्या आसपासच्या महामंदीत त्याचं काम गेलं. तो वर्तमानपत्रांची पानं घेऊन बसला आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं ते हाताने मोजलं. त्या मोजणीवरून चकत्यांची संख्या आणि गुण ठरले. आज पेटीत शंभर चकत्या असतात, त्यांत 'ई' बारा आणि 'क्यू' एकच. सुरुवातीला तर पटही नव्हता, तो नंतर आला. कंपन्यांनी नकार दिले. 1948 साली जेम्स ब्रुनो याने तो हाती घेऊन आजचं नाव दिलं आणि त्यानंतर काही वर्षांनी तो घराघरांत गेला. तुमची दोन वर्षं काहीच नाहीत.

तुम्हीही मोजा. रविवारच्या पुरवणीचं एक पान घ्या, मुलीला बरोबर घ्या, आणि काना-मात्रा सोडून नुसती व्यंजनं मोजा. र, त, च, य, ल यांच्या रांगा कशा लांबत जातात आणि ढ, झ, ठ कसे रेंगाळतात ते दिसेल. ळ किती वेळा येतो हेही बघा, त्याला गुण देताना मजा येईल.

माझं मत असं की चकतीवर फक्त व्यंजन असावं आणि काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार फुकट. 'न' आणि 'द' एवढ्या दोन चकत्या घ्या. नदी, नाद, नंदी, नांदी, निंदा. उलट्या लावा, दान, दिन, दीन, दोन. 'क', 'म', 'ल' घ्या, कमल, कमाल, कोमल. बघा, चकत्या शंभराच्या आत आल्या आणि खेळणाऱ्याचं डोकं भरभर चालू लागलं. पाचशे चकत्यांत तुम्ही अक्षर शोधत बसता, इथे शब्द शोधता. स्वतंत्र स्वरांसाठी एकच 'अ'ची चकती करा, ती अ, आ, इ, उ, ए काहीही होईल.

यातून एक पेच उभा राहतो आणि तो तुम्हाला नियमात सोडवावाच लागेल. आडवा शब्द 'कोमल' आहे. त्याच 'क'वरून कुणाला खाली 'कागद' लावायचा आहे. आडव्यात तो 'को', उभ्यात 'का'. चालेल? मी चालू देईन. प्रत्येक शब्दाने आपली मात्रा आपण घ्यावी, नाहीतर पट लवकर गोठतो. पण दोन्ही प्रकारे चार-चार डाव खेळून ठरवा.

जोडाक्षरांना वेगळ्या चकत्या अजिबात करू नका. एका घरात दोन चकत्या एकावर एक ठेवू द्या. 'पुस्तक' लावायचं तर प, मग स वर त, मग क. घरं तीन, चकत्या चार, आणि जोडलेल्या घराचे गुण दुप्पट. शब्दकोडं सोडवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला 'पु-स्त-क' अशी तीन घरं मोजायची सवय आहेच, त्याला वेगळं शिकवावं लागणार नाही. चकत्या जरा जाड करा म्हणजे चळत दिसेल. 'राष्ट्र' लावणाऱ्याची तीन मजली इमारत उभी राहील, लहान मुलं टाळ्या वाजवतील.

सगळ्यांत कठीण नियम पुढेच आहे. बट्सने इंग्रजीतल्या 'एस'च्या चकत्या मुद्दाम चारच ठेवल्या. कुठल्याही शब्दामागे तो लावला की अनेकवचन होतं, मग खेळ फारच सोपा झाला असता. मराठीत अनेकवचनाची भीती नाही. घर-घरं, फूल-फुलं, घोडा-घोडे, बहुतेक बदल मात्रांत होतो आणि मात्रा तर फुकट आहेत. आपला 'एस' म्हणजे विभक्तीचे प्रत्यय. घरात, घराला, घराचा, घरातला, घरातल्याला... एकदा 'घर' पडलं की त, ल, च हातात असणारा माणूस बसून गुण खाणार. तुमचा डाव न संपण्याचं एक कारण हेही असेल. तेव्हा नियम सरळ लिहा: शब्दकोशात ज्या रूपात शब्द सापडतो ते रूप आणि त्याचं अनेकवचन चालेल, प्रत्यय लागलेलं रूप नाही. आणि कुठला शब्दकोश ते डाव मांडण्याआधी ठरवा. माझ्यावर सोपवलंत तर मी दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' घेईन. 1932 ते 1938 या काळात त्याचे सात खंड निघाले आणि बोलीतले शब्द त्यात भरपूर आहेत. आत्यासुद्धा खेळू शकेल, तिचे शब्द त्यात सापडतील. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडण मात्र होऊ देऊ नका, मात्रा लिहायचीच नाही तर भांडायचं कशासाठी?

हे सगळं होईपर्यंत मुलीला पुन्हा तुमच्याकडे आणायचं असेल तर पुठ्ठा लागत नाही असा एक खेळ सांगते. बारामतीचे मोरोपंत (1729–1794) यांनी अनेक रामायणं लिहिली, प्रत्येकात काहीतरी वेगळं बंधन घालून घेतलं. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठ न मिटता म्हणता येईल असं. प, फ, ब, भ, म वर्ज्य. क्षणभर थांबून विचार करा, रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! आज रात्री जेवताना पाच मिनिटं घरात सगळ्यांनी असं बोलायचं. चुकला त्याने ताटं उचलायची. मुलीला तुम्हाला 'बाबा' म्हणता येणार नाही, तुम्हाला 'मी' म्हणता येणार नाही. आई आणि आत्या तेवढ्या चालतील. दुसऱ्या दिवशी ती स्वतः नवं बंधन काढेल, आणि तेव्हा तिला लिहायला सांगा: 'आवृत्ती 2'.

मेहुण्यांच्या पेटंटबद्दल. त्यांना सांगा की आपल्याकडे ते मिळत नाही. 1970च्या पेटंट कायद्यात कलम 3 मध्ये काय काय 'शोध' मानलं जाणार नाही याची यादी आहे आणि खेळ खेळण्याची पद्धत त्यात स्पष्ट नोंदवलेली आहे. मात्र तुम्ही शब्दांत लिहिलेली नियमपत्रिका आणि काढलेली चित्रं यांवर तुमचा लेखनहक्क, म्हणजे कॉपीराइट, असतो. तो लिहिल्या क्षणापासून असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नाव ही वेगळी गोष्ट, त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करता येते. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी इंटरनेटवर 'स्क्रॅब्युलस' चालवला तेव्हा स्क्रॅबलवर हक्क सांगणारी मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. 2008च्या आदेशात न्यायालयाने पटावरचा कॉपीराइटचा दावा मानला नाही, पण 'स्क्रॅबल'शी साम्य असलेलं ते नाव वापरायला मनाई केली. त्यांनी खेळाचं नाव 'लेक्सुलस' केलं. तेव्हा तुमच्या शब्दखेळाचं नाव मराठी, तुमचं स्वतःचं आणि कुणाची आठवण न करून देणारं ठेवा. पुढेमागे विकायचा विचार केलात तर आधी वकिलाला भेटा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, हेही ध्यानात असू द्या.

चोरीची भीती मी उडवून लावत नाही. आपण ज्या 'व्यापार'वर लहानाचे मोठे झालो त्याचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात आहे. जमिनीची मक्तेदारी कशी माणसांना कंगाल करते ते दाखवायला त्यांनी तो बनवला, 1904 साली तिकडे त्याचं पेटंटही घेतलं. पुढे तीस वर्षं तो हाताने काढलेल्या पटांवर घराघरांतून फिरला. लोक आपापल्या शहरातल्या रस्त्यांची नावं घालत, नियम तोंडी सांगत. बनवणारीचं नाव वाटेत गळून पडलं. 1935 साली चार्ल्स डॅरो या गृहस्थाने तो 'मोनोपॉली' म्हणून मोठ्या कंपनीला विकला आणि जगाला तोच निर्माता वाटला. मॅगीबाईंना त्यांच्या पेटंटचे 500 डॉलर मिळाले. पेटंट असूनही हे झालं. 1970च्या दशकात एका अर्थशास्त्रज्ञाने कोर्टकचेरीच्या निमित्ताने जुने कागद उकरले तेव्हा त्यांचं नाव वर आलं. कागद होते म्हणून आलं. मेहुण्यांना एवढं वाचून दाखवा, मग प्रत्येक पेटीत नाव-तारखेसह नियमाचं पान ठेवा.

राहिला माळा. तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पटतं. माळा दोघांचा आहे. त्यांच्याबरोबर बसून सगळं खाली उतरवा. एक कपाट तुमचं, त्यात मावेल ते ठेवायचं. ज्याच्या सोंगट्या हरवल्यात आणि नियमही नाहीत अशा पेट्यांना निरोप द्या. सोंगट्या नाहीत पण नियम आहेत असं असेल तर ठेवा, बटणं घेऊनही खेळता येतं. पत्त्यांना रबर लावलेलं असेल तर आजच काढा, सांगलीच्या उन्हाळ्यात ते वितळून पानांना चिकटतं. सुती नाडी बांधा. झाकणाच्या आतून सोंगट्यांची यादी चिकटवा. पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा कपाट भिंतीपासून जरा पुढे ओढून ठेवा. बास, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आणि एक काम माझ्यासाठी करा. शब्दखेळाचे नियम लिहून झाले की ते पान मला पाठवा. चकत्या पाठवू नका, पुठ्ठा आमच्याकडेही आहे. दर मंगळवारी दुपारी आम्ही चौघी जमतो, एकीच्या सासूबाईही असतात, त्यांना शब्दांत हरवणं अवघड आहे. तुम्ही समोर नसताना, नुसत्या त्या पानावरून आम्ही चकत्या कापू आणि खेळून बघू. जिथे जिथे अडू तिथे पेन्सिलीने खूण करून ते पान तुम्हाला परत पाठवेन. आत्याचं पानही आलं तर आमच्या तिघी बहिणींच्या आठवणींशी ताडून बघायचं आहे. आठ पडल्यावर पुन्हा टाकायचं का, ते तिला आठवणीने विचारा.

– तुमची ताई